बेससाठी एन्व्हलप फिल्टर निवडताना खर्जाच्या तारेला विचारा

सरावाच्या खोलीत एकदा गिटारवाल्या मित्राचं ऑटो-वाह पेडल, म्हणजे आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी, मी माझ्या बेस गिटारला लावून पाहिलं. याच पेडलला एन्व्हलप फिल्टरही म्हणतात. वरच्या जी तारेवर ते झकास बोललं, प्रत्येक टिचकीला स्वच्छ 'वाव'. मग खालची ई तार छेडली आणि 'वाव'च्या जागी घशात कफ अडकल्यासारखी घरघर आली. केबल बदलली, बॅटरी बदलली, घरघर जागची हलली नाही. मित्राने स्वतःची गिटार जोडली की तेच पेडल पुन्हा सुरेख वाजायचं. म्हणजे पेडल बिघडलेलं नव्हतं. ते बेसच्या खर्जासाठी बनलेलं नव्हतं, एवढंच. त्या घरघरीचं कारण समजल्यापासून बेससाठी असं पेडल घेताना मी बाकी सगळं नंतर पाहतो, आधी सर्वांत जाड तार छेडतो.

हे पेडल करतं काय, ते कळायला विजेची गरज नाही, आपलं तोंड पुरे. सोयीचा एक सा लावा आणि स्वर न सोडता 'ऊ' म्हणता म्हणता 'आ'वर या, पुन्हा 'ऊ'वर जा. स्वर हलला नाही, तरी आवाज पार बदलला. गळ्यातून निघणाऱ्या नादात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतातच. तोंडाची पोकळी त्यांतल्या काहींना उचलून धरते, काहींना दाबते. पुरुषाच्या आवाजात 'ऊ' म्हणताना पहिला उठाव साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असतो, 'आ' म्हणताना तो 700च्या घरात जातो. फिल्टर पेडलही तेच करतं. तारेच्या नादातला एक पट्टा उचलतं आणि तो पट्टा वरखाली सरकवतं, म्हणून तार बोलल्यासारखी वाटते. तंबोऱ्याची जवारी छान लागलेली असली की एकाच तारेच्या आसेत उपस्वर एकामागून एक उजळत जातात, ते ज्यांनी कान देऊन ऐकलंय त्यांना या आवाजाची ओढ का वाटते हे वेगळं सांगायला नको. तिथे ते काम रुंद घोडी आणि सुताचा धागा करतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली आपल्या तंतुवाद्यांच्या घोडीवर जे लिहिलं, ते याच चमत्काराबद्दल होतं.

गिटारच्या जगात हा पट्टा आधी पायाने सरकवत. 1967 साली बाजारात आलेल्या वाह पेडलवर पाऊल डोलवायचं, तसा आवाज उघडे-मिटे. पायाची जागा बोटाने घ्यावी हे जमलं ते 1972च्या सुमारास. अमेरिकेत माइक बायगेल नावाच्या अभियंत्याने गिल्ड या गिटार कंपनीसाठी एक सिंथेसायझर रचायला घेतला होता. ते काम बारगळलं, पण त्यातला एक तुकडा वेगळा काढून त्याने आणि ॲरन न्यूमनने म्युझिट्रॉनिक्स ही कंपनी काढली आणि 'म्यू-ट्रॉन थ्री' हे पेडल बाजारात आणलं. 1973च्या 'हायर ग्राउंड'मध्ये गायक स्टीव्ही वंडरचा क्लॅव्हिनेट, म्हणजे विजेवर चालणारं पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य, याच पेडलातून वाजलाय. बेसवर मात्र या आवाजाला ओळख दिली ती बेसवादक बूट्सी कॉलिन्सने. फंक संगीतात बेस नुसता ठेका धरत नाही, तो गप्पा मारतो, हे त्याने दाखवून दिलं.

बोट कसं 'ऐकलं' जातं? एन्व्हलप म्हणजे इथे नादाच्या जोराची चढउतार. तार छेडताक्षणी जोर एकदम उसळतो आणि मग हळूहळू ओसरतो. पेडलमधलं सर्किट आलेल्या सिग्नलची उलटी बाजू सुलटी करतं आणि सगळे उंचवटे एका कपॅसिटरमध्ये साठवतं. कपॅसिटरवरचा विजेचा दाब चढला की फिल्टर उघडतो, ओसरला की मिटतो. जोरात छेडाल तर 'आ' मोठा, हळू छेडाल तर ओठ जेमतेम विलग होतील.

आता ती घरघर. कपॅसिटरच्या जागी तळाला भोक असलेली एक बादली डोळ्यांसमोर आणा. तारेचं प्रत्येक कंपन तिच्यात दोनदा पाणी ओततं, कारण आपण खालचा उंचवटाही वर उलटवला आहे. बेसची खुली ई तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, म्हणजे दर 12 मिलिसेकंदांनी एक तांब्या. भोक असं आहे की न ओतता ठेवली तर बादली 100 मिलिसेकंदांत एकतृतीयांशाच्या आसपास येते. मग दोन तांब्यांच्या मध्ये पातळी साधारण 11 टक्के खाली जाते आणि पुन्हा भरते. हे सेकंदाला 82 वेळा. फिल्टर बिचारा पातळीच्या मागे जातो, तोही 82 वेळा थरथरतो. हाच तो कफ. गिटारची सर्वांत खालची तार बेसच्या ई तारेच्या बरोबर एक सप्तक वर, 82 हर्ट्झला असते. तिथे तांबे दर 6 मिलिसेकंदांनी पडतात आणि थरथर जवळपास निम्मी होते. पाच तारांच्या बेसवरची खालची बी तार तर 31 हर्ट्झच्या आत. तिथे तीच बादली सुमारे 15 टक्के हिंदकळते. स्वस्तातलं सर्किट उंचवटे उलटवण्याऐवजी खालचे सरळ कापून टाकत असेल, तर तांबे निम्मे पडतात आणि त्रास दुपटीच्या जवळ जातो.

मग भोक बारीक करा की! केलं, तर दुसरीकडे पंचाईत होते. मिनिटाला 100 ठोक्यांच्या लयीत चौपट, म्हणजे एका ठोक्यात चार टिचक्या, वाजवताना दोन टिचक्यांमध्ये 150 मिलिसेकंद मिळतात. बादली सावकाश रिकामी होत असेल तर पहिला 'वाव' मिटण्याआधी दुसरी टिचकी येते, फिल्टर उघडाच राहतो आणि पेडल चालू आहे की बंद हेही कळेनासं होतं. लवकर मिटावं तर घरघर, स्वच्छ मिटावं तर उशीर. बेससाठी बनवलेल्या पेडलांची खरी परीक्षा या ओढाताणीत आहे. म्हणून 'डिके' नावाचा, मिटण्याचा वेग ठरवणारा नॉब असलेलं पेडल मला नेहमी जवळचं वाटतं. एमएक्सआरच्या बेस एन्व्हलप फिल्टरवर तो आहे. संथ गाण्यात भोक बारीक, धावत्या गाण्यात मोठं, हे आपल्या हातात राहतं.

जुन्या म्यू-ट्रॉनचा गोडवाही इथूनच येतो. त्यात कपॅसिटरचा दाब थेट फिल्टरला जात नाही. तो एक छोटा दिवा पेटवतो आणि दिव्यासमोरचा प्रकाशसंवेदी रोधक फिल्टर हलवतो. हा रोधक उजेडाला चटकन जागा होतो, पण अंधार झाल्यावर रेंगाळत निवतो. छोटी थरथर त्याच्या आळसात विरून जाते आणि मिटणारा 'ऊ' माणसाच्या तोंडासारखा गोल येतो. ट्रान्झिस्टर किंवा चिपवर चालणारी पेडलं जास्त तडफदार असतात. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर थाप मारून, वाजवणाऱ्याला कदाचित तीच हवी असतील. मला बोटांनी वाजवायला दिव्यावालं आवडतं, आणि ही आवड आहे, नियम नव्हे.

दुसरा प्रश्न खर्ज टिकण्याचा. फिल्टरचे तीन प्रकार असतात. लो-पास खालचं सगळं जाऊ देतो, बँड-पास मधला पट्टा ठेवतो, हाय-पास वरचं. गिटारला बँड-पास शोभतो, कारण तळ सांभाळायला शेजारी बेस उभा असतो. बेसवाल्याच्या शेजारी कोण उभं राहणार? बँड-पासचा पट्टा 800 हर्ट्झवर चढला की 41 हर्ट्झचा मूळ स्वर गळून जातो. गंमत अशी की घरी हेडफोनवर हे जाणवतही नाही. उपस्वर शाबूत असले की आपला मेंदू हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. छोट्या रेडिओवर मृदंगाची थाप ओळखू येते ती याच सोयीमुळे. पण ड्रम्सच्या शेजारी, मोठ्या स्पीकरवर, छातीला जो धक्का बसायला हवा तो मेंदू भरून काढू शकत नाही. म्हणून लो-पास असलेलं, नाहीतर मूळ आवाज वेगळ्या नॉबने मिसळता येणारं पेडल घ्यावं. मिसळतानाही कान उघडे ठेवा. फिल्टरमधून आलेला आवाज मूळ आवाजाच्या तुलनेत थोडा मागेपुढे सरकलेला असतो आणि काही जागी दोघं एकमेकांना खोडतात. नॉब फिरवताना एखाद्या ठिकाणी आवाज अचानक पोकळ झाला तर कारण बहुतेक हेच.

लो-पास घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. 'क्यू' किंवा 'पीक' नावाचा नॉब पट्ट्याचा उठाव ठरवतो. क्यू 5 असेल तर त्या जागचे उपस्वर मूळ स्वराच्या मानाने 14 डेसिबल वर उचलले जातात. कानाला ते टोचतात, आपण आवाज कमी करतो आणि तळ आपल्याच हाताने खाली जातो. दुकानात क्यू वाढवला की गंमत वाटते, गाण्यात मात्र तो निम्म्याच्या खालीच बसतो.

किती जोराला फिल्टर उघडायचा हे ठरवणारा सेन्सिटिव्हिटीचा नॉब बहुतेक पेडलांवर असतो, पण त्याचा पल्ला किती हे पाहावं. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह बेसचा सिग्नल इतका तगडा असू शकतो की नॉब शून्याजवळ नेला तरी फिल्टर सताड उघडा पडतो. बॉसच्या एडब्ल्यू-3 वर गिटारला आणि बेसला वेगळी इनपुट दिली होती, ते उगीच नव्हे. एकापाठोपाठ जोडलेल्या पेडलांच्या साखळीतही हे पेडल सुरुवातीला हवं. आधी कंप्रेसर लावला तर तो जोराची चढउतार सपाट करतो आणि पेडलला ऐकायला काही उरत नाही. फझ, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, आधी लावला तर उपस्वर भरपूर मिळतात, पण बोटाचा जोर पुसला जातो. क्यू-ट्रॉन प्लस या पेडलवर यासाठी एक लूप, म्हणजे मधेच दुसरं पेडल जोडायची जागा, दिलाय. फझ त्या लूपमध्ये ठेवायचा, म्हणजे पेडल बोट ऐकतं तुमच्या स्वच्छ सिग्नलवरून आणि फिल्टर चालवतं फझवर. ज्यांना सिंथसारखा जाडजूड आवाज हवाय त्यांनी ही सोय आवर्जून पाहावी.

दुकानात जाताना स्वतःचा बेस घेऊन जा, तिथला नको. पेडल तुमचं बोट आणि तुमचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) ऐकणार आहे, व्हिडिओतल्या माणसाचा नव्हे. मध्यम जोराला फिल्टर अर्धा उघडेल अशी सेन्सिटिव्हिटी लावा. मग तीच ओळ आधी हळू, मग जोरात वाजवा. डाव्या हाताने तारा दाबून नुसता 'टक्' काढा. चांगलं पेडल त्या 'टक्'लाही 'प' किंवा 'क' असा काहीतरी उच्चार देतं. चौपट वाजवून बघा, प्रत्येक टिचकी सुटी ऐकू येते का. ॲम्प मोठा मागा, विक्रेता कुरकुरला तरी. आणि शेवटी खुली ई तार, पाच तारांचा बेस असेल तर बी, एकदाच छेडून हात बाजूला घ्या आणि ती पूर्ण विझेपर्यंत ऐका. पहिला अर्धा सेकंद सगळीच पेडलं छान वाजतात. नंतर 'आ'चा 'ऊ' होत असताना, फिल्टर मिटता मिटता, मधे कुठे घरघर येते का ते बघा. 'ऊ' सलग मिटला तर पैसे द्या.