मामाच्या खांद्याशी भाचा

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात हिल्डबुर्ह नावाची राणी येते. ती माहेरची डेन, तिला फ्रिजियन राजा फिनला दिलेली. दोन्ही टोळ्यांत लढाई जुंपते आणि एकाच वेळी तिचा भाऊ ह्नॅफ आणि तिचा मुलगा मारले जातात. भावाच्या चितेवर, त्याच्या खांद्याशी, मुलाला ठेवायला ती सांगते. भाऊ माहेरचा, मुलगा सासरचा. ती कोणाच्या बाजूने सूड मागणार?

मामा-भाच्याची ही जोडी कवीने उगाच निवडलेली नाही. आजच्या इंग्रजीत मामा आणि काका दोघेही ‘अंकल’. जुन्या इंग्रजीत मात्र मराठीसारखेच वेगळे शब्द होते: मामा ‘एआम’, काका ‘फॅडेरा’. नाते आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून धरले जाई, आणि बहिणीच्या मुलाला विशेष मान होता. ९९१ साली इंग्लंडमधल्या माल्डनच्या लढाईत सेनानी बिर्ह्टनोथच्या बहिणीचा मुलगा वुल्फमेर पडला. त्या लढाईवरचे काव्यही ‘बहिणीचा मुलगा’ हे नाते मुद्दाम सांगते.

कोणी मारला गेला, की सूड घेणे नातेवाइकांचे कर्तव्य. त्याला पर्याय होता ‘वेरगिल्ड’. ‘वेर’ म्हणजे माणूस, ‘गिल्ड’ म्हणजे भरपाई. सुमारे ६०० सालच्या केंटच्या राजा एथेलबर्टच्या कायद्यात स्वतंत्र माणसाची किंमत १०० शिलिंग होती. पुढे वेसेक्स या दुसऱ्या इंग्रजी राज्यात सामान्य शेतकऱ्याचे २०० आणि उमरावाचे १२०० शिलिंग ठरले. पैसे स्वीकारले, तर वैर मिटे. काव्याचा नायक बेओवुल्फ याच्या बापाने केलेल्या खुनाचे वैर डेन राजा ह्रोथगारने असेच धन देऊन मिटवले होते. उलट राक्षस ग्रेंडेल भरपाई द्यायला तयारच नव्हता. त्याचा हा गुन्हा कवी आवर्जून नोंदवतो, आणि मला तो फार बोलका वाटतो.

मुलगी देऊन समेट करण्याचाही मार्ग होता. अशा वधूला ‘शांती विणणारी’ म्हणत. पण हिल्डबुर्हचा धागा तुटलाच. त्या लढाईनंतर हिवाळाभर तह टिकला. मग डेनांचा सरदार हेंगेस्ट याच्या मांडीवर कोणीतरी तलवार ठेवली, सूड पेटायला एवढेच पुरले. फिन मारला गेला आणि डेनांनी हिल्डबुर्हला माहेरी नेले.

याहून बिकट प्रसंग याच काव्यातल्या गेआट टोळीच्या राजाचा, ह्रेथेलचा. त्याच्या एका मुलाचा, हेथकिनचा, बाण चुकला आणि थोरल्या भावाला, हेरेबेआल्डला लागला. मारणारा आणि मेलेला एकाच घरातले. भरपाई कोणी कोणाला द्यायची? सूड कोणी कोणावर घ्यायचा? राजाने जमीन-घर मुलांवर सोडले आणि दुःखाने प्राण सोडला. त्याच्यामागे गादीवर हेथकिनच बसला.