ड्राय सोल्डर की सुकलेला कंडेन्सर? कधी पेटणाऱ्या, कधी न पेटणाऱ्या आर्केड मॉनिटरचं दुखणं

पावसाळाभर कुलूप लावलेली गेम पार्लरं ऑक्टोबरात उघडली की कळंगुटपासून म्हापशापर्यंत एकच तक्रार सुरू होते: "मॉनिटर कधी पेटतो, कधी पेटत नाही." सल्लेही ठरलेले. एक सांगतो, ड्राय सोल्डर (पार्टाच्या पिनेचा तडकलेला जोड) आहे, सगळं किट (मॉनिटरचा सर्किट बोर्ड) परत सोल्डर कर. दुसरा सांगतो, कंडेन्सर सुकलेत (आतला द्रव आटलाय), सगळे बदलून टाक. तिसरा कॅबिनेटच्या कुशीत एक बुक्का हाणतो. यातला कुठलाही इलाज चार दिवस चालतो, आणि म्हणूनच हा गोंधळ इतकी वर्षं टिकून आहे.

आधी दोष मॉनिटरचाच आहे ना, एवढं बघून घ्या. आवाज येतोय पण पडदा काळा आहे, तर पिक्चर ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड दिसतो का पाहा. बहुतेक किटांत तिथल्या हीटरला सप्लाय ई.एच.टी.कडूनच, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडूनच मिळतो, आणि त्याला चालवतं होरिझॉन्टल सर्किट (पडद्यावर किरण आडवा फिरवणारं). म्हणजे उजेड असेल तर पॉवर सप्लाय आणि होरिझॉन्टल दोन्ही चालू आहेत, मग तुमचं दुखणं वेगळं. आवाजही नाही आणि उजेडही नाही, तर कॅबिनेटची मेन स्विच, फ्यूज आणि गेम बोर्डाचा ५ व्होल्टचा सप्लाय आधी तपासा. स्विच दाबताक्षणी डीगॉसचा (ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) 'थुंऽग' ऐकू आला तर मेन्स किटपर्यंत पोचतेय. मात्र नुकताच बंद केलेला मॉनिटर लगेच लावला तर पॉझिस्टर (तापला की त्या कॉइलचा करंट अडवणारा पार्ट) गरम असल्याने तो आवाज येणारच नाही; त्यावरून फ्यूज उडाल्याचा निष्कर्ष काढू नका.

ड्राय सोल्डरबद्दल फार लिहीत नाही, टीव्ही उघडलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. जड पार्ट, गरम होणारे पार्ट आणि हलणारे कनेक्टर: ई.एच.टी.च्या पिना, होरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, योकचं (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलचं) सॉकेट, मोठे वॉटेज रेझिस्टर. पिनेभोवती केसासारखी गोल चीर पडते. भिंग घ्या आणि बॅटरी तिरकी धरा. सरळ उजेडात ती चीर दिसत नाही. कॅबिनेट टेम्पोत घालून बोडगेश्वराच्या जत्रेला नेऊन आणलं असेल, तर माझा पहिला संशय इथेच. किनाऱ्यालगतच्या कॅबिनेटांत कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढतो, तोही याच घराण्यातला. त्यावर गंज काढायचा तेलकट स्प्रे मारणाऱ्यांना मी हात जोडतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो वापरा.

आता खरी अडचण. "गरम झाला की चालतो" हे वाक्य ऐकलं की निम्मे लोक कंडेन्सर म्हणतात, निम्मे सोल्डर, आणि दोघांकडे पटण्याजोगं कारण असतं. उष्णतेने धातू फुगतो आणि चीर मिटते. सुकत चाललेल्या कंडेन्सरचा आतला रोधही उष्णतेने उतरतो. नुसत्या उष्णतेवरून निवाडा होत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न वेगळाच विचारतो: एकदा पेटल्यावर तो रात्रीपर्यंत चालतो की खेळता खेळता जातो?

हा प्रश्न का, ते समजायला सप्लाय सुरू कसा होतो ते बघावं लागेल. यूसी-३८४२ ही आय.सी. असलेलं एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) घ्या. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी उभे राहतात. तिथून एक मोठ्या किमतीचा रेझिस्टर एका छोट्या कंडेन्सरला हळूहळू भरत नेतो. त्याच्यावर साधारण १६ व्होल्ट झाले की आय.सी. जागी होते. जागी झाल्यावर तिला जो करंट लागतो तो त्या रेझिस्टरला झेपत नाही. ट्रान्सफॉर्मरची मदतनीस वाइंडिंग सप्लाय देऊ लागेपर्यंतचे काही क्षण त्या छोट्या कंडेन्सरनेच निभवायचे असतात. तो सुकलेला असेल तर व्होल्टेज धाडकन १० च्या खाली येतं आणि आय.सी. परत झोपते. पुन्हा भरणं, पुन्हा झोपणं. कान लावलात तर बारीक टिक्-टिक् ऐकू येते. तसाच चालू ठेवला की आजूबाजूच्या रेझिस्टरांच्या उबेने कंडेन्सर थोडा सावरतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी मॉनिटर अचानक पेटतो. तिरकी करून किक मारत बसावं लागणारी जुनी स्कूटर एकदा सुरू झाली की फोंड्यापर्यंत निमूट नेते, तसंच हे: वाइंडिंगने भार उचलला की त्या कंडेन्सरची कसोटी संपली.

म्हणून सुकलेला स्टार्ट-अप कंडेन्सर सुरू होतानाच अडवतो. मध्येच वीज जाऊन लगेच आली तर मॉनिटर पटकन पेटतो. रात्रभर बंद राहिला की सकाळी रुसतो. ड्राय सोल्डरला असं वेळापत्रक नसतं. तो चालता चालता जातो, कोणी जॉयस्टिक हिसडली की जातो, दार आपटलं की येतो. आमच्याकडच्या बंद सीझनची आणखी एक भानगड आहे. महिनोन्‌महिने व्होल्टेज न मिळालेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो आणि तो गळू लागतो. स्टार्ट-अप रेझिस्टर जे थेंब थेंब भरतो ते तितक्यातच गळून जातं. व्होल्टेज मिळत राहिलं की थर परत धरतो. चवथीनंतर उघडलेलं कॅबिनेट पहिले दोन दिवस त्रास देऊन मग "आपोआप बरं" होतं ते यामुळे. बरं वगैरे काही झालेलं नसतं.

दुसरा चकवा दुरुस्तीतच आहे, आणि माझी खरी चिडचिड त्याच्यावरून होते. कंडेन्सर बदलताना त्याचे दोन जॉइंट आपसूक नव्याने सोल्डर होतात. चीर तिथेच असली तर मॉनिटर पेटतो आणि श्रेय नव्या कंडेन्सरला जातं. उलट, सगळं किट रिसोल्डर करताना जुना कंडेन्सर चांगला तापतो, दोन दिवस चालतो आणि श्रेय सोल्डरला. म्हणून दोन्ही कामं एका बैठकीत उरकणाऱ्याला दोष कुठे होता हे कधीच कळत नाही. पुढच्या मॉनिटरला तो परत शून्यावरून सुरुवात करतो. काढलेला कंडेन्सर केराच्या डब्यात टाकण्याआधी ई.एस.आर. (कंडेन्सरचा आतला रोध) मीटरवर लावा. ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा धडधाकट कंडेन्सर ओहमभर किंवा त्याहून कमी दाखवतो. दहा-वीस ओहम आले तर चोर सापडला. चांगला निघाला तर जॉइंट शोधायला परत खाली वाका. मल्टीमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर भिस्त ठेवू नका. तिथे ४५ दाखवणारा कंडेन्सरही आतून कोरडा असू शकतो.

सोल्डरची परीक्षा टिचकीने होते: कोरडी बांबूची काडी घ्या, बोर्डावर हलकेच टकटक करत जा आणि कुठे पडदा थरथरतो ते बघा. एक हात पाठीमागे ठेवा. प्रायमरीवर (सप्लायच्या मेन्सकडच्या बाजूला) तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि रंगीत ट्यूबच्या अॅनोडवर वीस-पंचवीस हजार. कॅबिनेट बंद केल्यावरही मोठा फिल्टर भरलेला राहतो, तो रेझिस्टर लावून रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणं हे शौर्य नव्हे. आणि टकटक लांबवू नका. होरिझॉन्टल आउटपुटच्या जॉइंटमध्ये ठिणग्या उडत राहिल्या तर ट्रान्झिस्टर जातो आणि छोट्या कामाचं मोठं होतं. बुक्का मारणाऱ्याला हेच सांगायचं असतं, पण तो ऐकायला थांबत नाही.

नवा कंडेन्सर १०५ अंशांचा आणि लो ई.एस.आर.चाच घ्या. ८५ अंशांचा हीटसिंकच्या कुशीत बसवला तर जुन्याच वाटेने जाणार. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, असा या पार्टाचा ढोबळ हिशेब आहे. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, मायक्रोफॅरड जुन्याइतकेच. "मोठा टाकला की बरा" म्हणून ४७ च्या जागी ४७० टाकलात तर तो भरायला दहापट वेळ लागेल आणि मॉनिटर आणखी उशिरा पेटेल. काही किटांत मदतनीस वाइंडिंगवरूनच फीडबॅक घेतलेला असतो. तिथला कंडेन्सर सुकला की बी-प्लस (सप्लायमधून निघणारं मुख्य डीसी व्होल्टेज) वर चढतो. म्हणून दुरुस्ती कुठलीही करा, शेवटी बी-प्लस मोजून किटवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा.

आणि तुमचं किट जुनं इलेक्ट्रोहोम जी-०७ असेल तर वरचा स्टार्ट-अपचा सगळा खटला तिथे लागूच नाही. त्याचा १२० व्होल्टचा सप्लाय लिनिअर रेग्युलेटरचा आहे, त्याला 'जागं' व्हावं लागत नाही. तिथे थेट भिंग आणि सोल्डरिंग आयर्न घ्या. कॅबिनेटातला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (किटला मेन्सपासून अलग ठेवणारा) बाजूला काढून साधा ११०चा स्टेप-डाउन कोणी जोडलेला नाही ना, तेही बघा. असा स्टेप-डाउन बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो; तो व्होल्ट उतरवतो, आयसोलेशन देत नाही.