पाकिटामागची बारीक अक्षरं आणि ‘असू शकतं’चा गुंता

लेबलच्या कायद्यांचा जुना इतिहास म्हणजे भेसळ आणि फसवणुकीचा इतिहास, तो बऱ्याच जणांना माहीत असतो त्यामुळे फार लांबवत नाही. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने खाण्याच्या वस्तूवर खोटं लेबल लावणं गुन्हा ठरवलं, पण आत जे जे घातलंय ते सगळं लिहाच असं काही त्यात नव्हतं, आणि पाकिटावर वजन छापायची सक्ती तर १९१३ ला आली. ॲलर्जीवाल्या माणसाचा विचार लेबलमध्ये शिरायला त्यानंतर जवळपास शतक गेलं.

युरोपात १९७९ पासून घटकांची यादी होती, पण तिच्यात एक मोठी पळवाट होती. एखादा मिश्र घटक, म्हणजे समजा तयार सॉस, एकूण मालाच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्या सॉसमध्ये काय आहे ते लिहायची गरज नव्हती. ज्याला शेंगदाण्याच्या कणानेही घसा सुजतो त्याच्यासाठी २५ टक्के म्हणजे काय, कल्पना करा! २००३ च्या दुरुस्तीत ही सूट गेली, ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांचे १२ गट ठरले, पुढे ल्युपिन (एक कडधान्य) आणि शिंपले-कालवांची भर पडून १४ झाले आणि डिसेंबर २०१४ पासून हे शब्द यादीत ठळक दिसलेच पाहिजेत असा नियम लागू झाला.

तरी भोक राहिलंच. २०१६ मध्ये लंडनच्या विमानतळावर १५ वर्षांच्या एका मुलीने सँडविच घेतलं, पावाच्या कणकेतच तीळ होते, तिला तिळाची ॲलर्जी होती आणि पाकिटावर घटकच नव्हते, कारण दुकानातच बनवून पॅक केलेल्या मालाला तेव्हा सूट होती. ती वाचली नाही. लेबल वाचून खाणाऱ्या पोरीला वाचायला काही ठेवलंच नव्हतं, हे मला आजही सहन होत नाही. ब्रिटनमध्ये ही सूट ऑक्टोबर २०२१ ला बंद झाली.

आता तो ‘असू शकतं’चा गुंता, म्हणजे ‘मे कंटेन’: घटकांत नसलेला, पण त्याच मशीनवरून चुकून आत आलेला एखाद्या ॲलर्जीच्या पदार्थाचा अंश असू शकतो, असं सांगणारी पाकिटावरची ओळ. लोकांना वाटतं हाही कायद्याने ठरवलेला शब्द आहे, पण अमेरिकेत आणि इतर बऱ्याच ठिकाणी तो ऐच्छिक आहे. ग्लुटेन-फ्री (गव्हासारख्या धान्यातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेलं) म्हणायला किलोमागे २० मिलीग्रॅमची मर्यादा आहे, सल्फाइट (माल टिकवायला घालतात ते रसायन) लिहायला १० मिलीग्रॅमची, पण ‘अंश असू शकतो’ यातला अंश म्हणजे किती ते बहुतेक ठिकाणी कुणी ठरवलेलं नाही. त्यामुळे एका पाकिटावर ती ओळ खरा धोका म्हणून असते, दुसऱ्यावर उगाच सेफ साइड म्हणून, आणि तिसऱ्यावर ती नाही याचा अर्थ धोका नाही असाही होत नाही. ॲलर्जीवाला माणूस शेवटी त्या ओळीकडे बघायचंच सोडतो, सगळ्यात वाईट हेच.

याच गुंत्यातून २०२३ चा प्रकार झाला. अमेरिकेत १ जानेवारीपासून तीळ हा कायद्याने नववा मुख्य ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी करणारा पदार्थ, झाला, चांगलंच झालं, पण मशीन तिळापासून पूर्ण साफ ठेवणं अवघड म्हणून काही बेकऱ्यांनी ज्या पावात तीळ नव्हतेच त्यात थोडं तिळाचं पीठ मुद्दाम घातलं आणि लेबलवर लिहून टाकलं. कायदा मोडला नाही, आणि तिळाची ॲलर्जी असून वर्षानुवर्षं तोच पाव खाणाऱ्यांचा मात्र तो पाव गेला. याला मी तरी नियम पाळणं म्हणणार नाही.

बरं, सगळ्या चुका अशा ठरवून केलेल्या नसतात. पॅकिंग लाइनवर फ्लेवर बदलतो, पण लेबलचा रोल आधीच्या बॅचचाच चढलेला राहतो, किंवा पुरवठादाराने मसाल्यात मोहरी वाढवली आणि लेबलचं डिझाइन जुनंच छापलं गेलं, एवढंसं पुरतं. अमेरिकेत माल परत बोलवायच्या मोठ्या कारणांमध्ये लेबलवर न आलेला ॲलर्जेन वर्षानुवर्षं वरच आहे. म्हणून रोल बदलताना लाइन पूर्ण रिकामी करून दोघांनी लेबल वाचायचं हे काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळायचं नसतं.

पेयांचं घोडं तर अजून मागेच आहे. युरोपात १.२ टक्क्यांवर अल्कोहोल असलेल्या पेयांना घटक आणि पोषणाच्या यादीतून सूट मिळाली, ॲलर्जेन तेवढे लिहावे लागायचे. वाइनची ही सूट डिसेंबर २०२३ मध्ये गेली खरी, पण घटकांची पूर्ण यादी क्यूआर कोडमागे ठेवायची मुभा आहे, म्हणजे बाटली हातात आणि यादी फोनमध्ये. बिअर आणि कडक दारूची सूट तशीच राहिली.