प्रकल्पाधारित अभियांत्रिकी शिक्षण : सांगली-सातारा

खरी अडचण हाती घ्यायची, ती सोडवणारी वस्तू किंवा यंत्रणा स्वतः बनवायची आणि बनवता बनवता विषय शिकायचा, या पद्धतीला प्रकल्पाधारित शिक्षण म्हणतात. अभियांत्रिकीत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जुनाच आहे. फरक इतकाच की या पद्धतीत प्रकल्प पहिल्या वर्षापासून निरनिराळ्या विषयांत पेरलेला असतो आणि सिद्धांत अडलं म्हणून शिकला जातो.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये 'प्रकल्प पद्धती' मांडली. डेन्मार्कमधील ऑलबोर्ग विद्यापीठाने 1974 पासून तिच्यावर शिक्षणाची उभारणी केली. हातांनी शिकण्याचा आग्रह आपल्याकडे 1937 च्या वर्ध्याच्या नई तालीममध्येही होता, पण अभियांत्रिकीत तो पोचला तो वेगळ्याच दाराने. भारत 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांनी परस्पर मान्यता देण्याच्या कराराचा, कायम सदस्य झाला आणि 'काय शिकवलं' याऐवजी 'विद्यार्थ्याला काय करता येतं' हे मूल्यांकनात विचारलं जाऊ लागलं.

सांगलीच्या विश्रामबागेतील वालचंद महाविद्यालय 1947 चे, कराडचे शासकीय महाविद्यालय 1960 चे. पण करून शिकण्याची या भागाची ओळख त्याहून जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला यांत्रिक रेखाटन शिकवत. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. यंत्र चालणं आणि ते लोकांनी वापरणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे त्यातून दिसलं. रयत शिक्षण संस्थेची 'कमवा आणि शिका' योजना मात्र या पद्धतीत धरू नये, जरी भाषणांत दोन्हींची सरमिसळ होते. तिथे श्रमातून शिक्षणाचा खर्च भागतो, श्रमातूनच विषय शिकला जाईल असं नाही.

पद्धत कशी चालते हे पाहायला कृष्णेची पातळी मोजण्याचं उदाहरण घेऊ. सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या महापुरानंतर हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. त्यामुळे पातळी मोजणारं यंत्र हा इथे सहज सुचणारा विषय. बाजारात मिळणारा स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, बादलीवर धरला की झकास आकडे देतो. पण त्याचा पल्ला सुमारे चार मीटर. उन्हाळ्यात पुलावरून पाणी त्याहून कितीतरी खाली असतं, तेव्हा यंत्र गप्प. लांब पल्ल्याचा सेन्सर आणला तरी दुसरं भूत उभं राहतं. आवाजाचा वेग तापमानागणिक बदलतो, अंशाला साधारण 0.6 मीटर प्रतिसेकंद. 20 अंशांचा वेग गृहीत धरून 40 अंशांच्या उन्हात मोजलं तर दहा मीटर अंतरावर सुमारे 34 सेंटिमीटरची चूक होते. म्हणजे फूटभराहून जास्त, आणि पुरात फुटाला किंमत असते. मग भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडतं, तापमानाचा सेन्सर जोडला जातो, प्रोग्रॅम बदलतो. डबा पावसात टिकावा म्हणून मेकॅनिकलवाल्या मित्राला गाठावं लागतं, नदीची मोजपट्टी समजून घ्यायला सिव्हिलवाल्याला. चार विषय एका डब्यात येतात ते असे.

पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब हे याचंच छोटं रूप. माइल्ड स्टीलचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे. उजेडाकडे धरलं की फट दिसते, आणि मग कारण सांगून चालत नाही.

अडचण मूल्यमापनात आहे. गटात चौघे, राबणारा एक, गुण सगळ्यांना सारखे. शिवाय रेडीमेड प्रोजेक्ट पैसे टाकून मिळतात, रिपोर्टासकट. सबमिशनच्या आठवड्यात बाइंडिंगच्या दुकानांत जी गर्दी उसळते, तीत किती पोरांनी स्वतः सोल्डरिंग केलेलं असतं, हा नाजूक प्रश्न आहे. चाळीस-चाळीस गटांना एकच गाईड असेल तर आठवड्याची नोंदवही फक्त सहीपुरती उरते. म्हणून काही शिक्षक अंतिम वस्तूपेक्षा फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदींना गुण देतात. व्हायवात डब्याचं झाकण उघडायचं, एक वायर काढून हातात द्यायची आणि 'आता चालू करून दाखव' म्हणायचं, ही त्यातली सर्वांत स्वस्त परीक्षा.