ध्वनिसंपादनातील मूळ फाइलींचे संरक्षण

ध्वनिसंपादन करताना मूळ रेकॉर्डिंग बदलू नये, बिघडू नये किंवा हरवू नये यासाठीची व्यवस्था. तिची गरज संपादनाच्या पद्धतीवर ठरते. साउंड फोर्ज या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा अ‍ॅडोबी ऑडिशनच्या वेव्हफॉर्म एडिटरमध्ये फाइल थेट उघडते. काटछाट करून ‘सेव्ह’ केले की बदल त्याच फाइलवर लिहिले जातात आणि फाइल बंद केल्यावर ‘अनडू’ची सोयही उरत नाही. रीपर किंवा प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये एरवी मूळ फाइलला हात लागत नाही. तुकडा कुठून कुठवर वाजवायचा, कोणता इफेक्ट लावायचा, या सूचना तेवढ्या प्रोजेक्ट फाइलमध्ये नोंदल्या जातात.

ही दुसरी पद्धत सुरक्षित मानली जाते, आणि गाफीलपणाही तिथेच येतो. प्रोजेक्ट फाइलमध्ये बहुधा आवाज नसतोच, असतो तो आवाजाच्या फाइलचा पत्ता. रीपरची प्रोजेक्ट फाइल (आरपीपी) तर साधा मजकूर असते. काही केबींची ही फाइल जपून ठेवली आणि जागा अडते म्हणून प्रत्यक्ष आवाजाच्या वेव्ह फाइली पुसल्या, तर हाती फक्त सूचना राहतात. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत आयात करताना मूळ फाइलची प्रत न करता ती थेट वाचण्याचा पर्याय होता. अशी फाइल हलवली की तिच्या जागी शांतता ऐकू येई. २०२१ मधील ३.० आवृत्तीपासून सगळा आवाज एकाच एयूपी३ फाइलमध्ये, एसक्यूलाइट डेटाबेसच्या रूपात राहतो. सुटे भाग हरवण्याची भीती गेली, पण ती एक फाइल बिघडली तर सगळेच अडकते.

फाइल जागेवर असूनही आवाज गमावता येतो. एमपी३ उघडून पुन्हा एमपी३ म्हणूनच साठवली, तर प्रत्येक खेपेस नव्याने संकोचन होऊन थोडा तपशील जातो. १६ बिटमध्ये (ध्वनीचे आकडे साठवण्याचा एक प्रकार) साठवताना मर्यादेबाहेर गेलेली शिखरे, म्हणजे आवाजाची सर्वांत मोठी टोके, कापली जातात, ती नंतर आवाज कमी करून परत येत नाहीत. ३२ बिट फ्लोट या जास्त मोठ्या मर्यादेच्या प्रकारात ती टिकतात.

साधा उपाय म्हणजे मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ‘रीड-ओन्ली’ करून ठेवणे, काम प्रतीवर करणे आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणे. आपोआप सिंक होणारे फोल्डर ही बॅकअपची जागा नव्हे. चुकून बदललेली फाइल तिथेही तशीच बदलते, आणि जुन्या आवृत्त्या राखलेल्या नसतील तर मूळ जाते. प्रत शाबूत आहे का, हे चेकसमने, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने, तपासता येते. फ्लॅक (तपशील न गमावता आकार लहान करणारा प्रकार) फाइलमध्ये तर मूळ आवाजाचा एमडी५ पद्धतीचा चेकसम सहसा आतच साठवलेला असतो.