कचरा जाळून वीज : नाशिकने भट्टी का टाळली?

नाशिकजवळच्या एकलहऱ्याला कोळसा जाळून वीज होते, मग घरचा कचरा का जाळत नाहीत? हा प्रश्न नाशिककर अनेकदा विचारतात. उत्तर कचऱ्यातल्या पाण्यात आहे.

कचरा शास्त्रशुद्ध जाळण्याची पहिली भट्टी १८७४ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला उभी राहिली. हेतू विजेचा नव्हता, रोगराई हटवण्याचा होता. जर्मनीत हँबुर्गला १८९२ च्या कॉलऱ्याने हजारो माणसं नेली, त्यानंतर तिथेही भट्टी आली. लंडनच्या शोरडिच भागात १८९७ मध्ये कचऱ्याच्या आगीवर वीजनिर्मिती सुरू झाली. डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबर्गने १९०३ मध्ये विजेबरोबर उष्णताही वापरली. इंग्लंडमध्ये हे जमलं, कारण त्या काळच्या इंग्रजी घरातल्या कचऱ्यात शेगडीतले अर्धवट जळलेले कोळसे भरपूर असत. वेगळं इंधन न घालताही कचरा जळे.

आपल्याकडे केरात भाजीची देठं, फळांच्या साली, खरकटं, चहाचा चोथा. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे सहाशे किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणजे ओला कचरा जाळताना आधी पाणीच उकळत बसायचं! दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डॅनिश मदतीने रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज काढणारा प्रकल्प उभा केला. तो २१ दिवसांच्या चाचणीनंतर बंद पडला, कारण आलेल्या कचऱ्याला हवा तेवढा उष्मांकच (जळताना मिळणारी उष्णता) नव्हता. परक्या केरासाठी आखलेली भट्टी आपल्या केराला चालेल, हे गृहीतच चुकीचं होतं असं मला वाटतं.

म्हणूनच नाशिकने वेगळी वाट धरली. महापालिकेने विल्होळीजवळ खत प्रकल्प उभारला, आणि २०१७ मध्ये जर्मन संस्था जीआयझेडच्या साहाय्याने तिथे बायोगॅसवर वीजनिर्मिती सुरू झाली. हॉटेलांमधलं उरलेलं अन्न आणि शौचालयांच्या टाक्यांतला मैला एकत्र कुजवायचा, त्या गॅसवर जनित्र फिरवायचं. उद्दिष्ट दिवसाला सुमारे ३३०० युनिटचं. ज्या ओलाव्यापुढे भट्टी हरते, तोच इथे जिवाणूंच्या कामी येतो.

भट्टीचा विषय मात्र संपलेला नाही. किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा पुरायचा नाही, त्याची ऊर्जा करायची, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी ठरवलं होतं. पिंपरी-चिंचवडला मोशीत २०२३ साली १४ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. सुका कचरा खरोखर सुका आला तरच अशी भट्टी धड पेटते, आणि धूर निर्धोक राहण्यासाठी ती साडेआठशे अंशांच्या वर तापलेली ठेवावी लागते. ओला माल आत गेला की तापमान घसरतं आणि डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं उरण्याचा धोका वाढतो. त्यामुळे घंटागाडीवर ओला-सुका वेगळा द्या म्हणून जो आग्रह धरला जातो, त्याचा संबंध थेट चिमणीतून बाहेर पडणाऱ्या हवेशी आहे.