बिळातला कुत्रा आणि झाडावरचा रॅकून

अमेरिकेत टेरियर, म्हणजे बिळात शिरून शिकार करणारे लहान कुत्रे, बाळगणारे जुने शिकारी नवख्याला सर्वात आधी थांबायला सांगतात. पिल्लू कितीही तडफदार असो, वर्षाचं होईपर्यंत त्याला रॅकूनसमोर न्यायचं नाही. आधी उंदीर, मग खोटं बीळ, मग म्हाताऱ्या अनुभवी कुत्र्याची सोबत, आणि रॅकून सगळ्यात शेवटी. वरवर पाहता ही साधी खबरदारी वाटते. पण यातली एकेक पायरी कुठून आली हे शोधायला गेलं की दोन वेगळ्या परंपरा सापडतात. एक इंग्लंडमधली, बिळातली. दुसरी अमेरिकेतली, झाडाखालची. टेरियर पहिल्या परंपरेत जन्मला आणि रॅकून दुसरीत. त्यांची गाठ तशी उशिराच पडली.

रॅकून आपल्याकडे नाही. मूळचा तो उत्तर आणि मध्य अमेरिकेचा. डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीवर वळी, वजन साधारण चार ते नऊ किलो, धष्टपुष्ट नर त्याहून जड. त्याचं नाव व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या पोव्हाटन लोकांच्या भाषेतून आलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे उतरलेल्या जॉन स्मिथनं ते कानाला जमेल तसं लिहून ठेवलं. त्याचा अर्थ 'हातांनी खरवडणारा' असा लावतात. लिनियसनं 1758 मध्ये त्याला चक्क अस्वलांच्या गटात बसवलं होतं, आणि जर्मन भाषेत तो आजही 'धुणारं अस्वल'च आहे. पोव्हाटन लोकांनी नेमके त्याचे हात हेरले होते. अडचणीच्या जागेत गाठ पडली की रॅकून दातांइतकाच पुढच्या पंजांनीही लढतो, कुत्र्याचं तोंड धरून ठेवतो. कोल्ह्याला हे जमत नाही.

टेरियर घडला तो कोल्ह्यासाठी. त्याच्या नावातच लॅटिन 'टेरा', म्हणजे जमीन आहे. घोडेस्वार आणि हाऊंडांची, म्हणजे माग काढत धावणाऱ्या मोठ्या कुत्र्यांची, टोळी कोल्ह्याचा पाठलाग करायची, कोल्हा बिळात शिरायचा आणि मोठ्या कुत्र्यांचं काम तिथेच संपायचं. मग लहान टेरियर आत सोडायचा. त्यानं भुंकून कोल्ह्याला बाहेर काढायचं, नाहीतर निदान तो कुठे दडलाय ते आवाजानं दाखवायचं, म्हणजे वरून फावड्यानं खणता येई. या परंपरेतलं सर्वात ठळक नाव जॉन रसेल या पाद्र्याचं (1795–1883). ऑक्सफर्डला शिकत असताना, 1819 मध्ये, त्यानं एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री विकत घेतली आणि पुढे डेव्हनमध्ये तिच्यापासून आपली पैदास उभी केली. त्याला कोल्हा मारणारा कुत्रा नको होता, बाहेर काढणारा हवा होता. आत मरून पडलेल्या कोल्ह्याच्या मागे टोळी धावणार कशी?

या घराण्यातली एक सवय अजून टिकून आहे. कुत्र्याच्या छातीला पुढच्या पायांच्या मागून दोन्ही हातांची वेटोळी घालून बघायचं, बोटं मिळतात का. मिळाली तर हा कुत्रा बिळात मावेल. पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात येणं, हाडं भरणं, डोकं थाऱ्यावर येणं, हे सगळं होईपर्यंत त्याला आत सोडत नसत. वर्षभराचा धीर तिथून आला.

अमेरिकेत मात्र रॅकूनची शिकार हाऊंडांची. वसाहतकरी इंग्लंडहून कोल्ह्याचे हाऊंड घेऊन आले, पण रॅकून रात्री हिंडतो आणि पाठलाग झाला की झाडावर चढतो. जमिनीवरचा माग तुटला की कोल्ह्याचा हाऊंड गोंधळून जाई. म्हणून झाडाच्या बुंध्याशी थांबून, मालक कंदील घेऊन येईपर्यंत वर बघत भुंकत राहणारे कुत्रे निवडले गेले आणि त्यांचीच वेतं वाढवली गेली. चुकीच्या माणसावर संशय घेतला की इंग्रजीत 'चुकीच्या झाडाखाली भुंकणं' म्हणतात, त्याचं मूळ याच शिकारीत आहे. यातली 'ब्लॅक अँड टॅन' ही जात युनायटेड केनेल क्लबनं 1900 मध्ये नोंदवली. दक्षिणेत ही शिकार श्रीमंतांची चैन नव्हती. दिवसभर मालकाच्या शेतात राबलेले गुलाम रात्री कुत्रा घेऊन रानात जात, कारण त्यातून ताटात मांस पडे. गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचंही तसंच. या कुत्र्यांवर लोकांचा जीव किती होता ते अलाबामात दिसतं. तिथे 1937 मध्ये ट्रूप नावाच्या हाऊंडला त्याच्या मालकानं शिकारीच्या आवडत्या जागी पुरलं, आणि त्या जागेची पुढे फक्त रॅकूनच्या हाऊंडांसाठीची दफनभूमी झाली.

लहान कुत्रे तिथे नव्हतेच असं नाही. ब्रिटनमधून आलेल्या लोकांचे टेरियर गावठी कुत्र्यांत मिसळून 'फाइस्ट' तयार झाले. जॉर्ज वॉशिंग्टनच्या 1770 मधल्या रोजनिशीत अशा एका पिवळसर कुत्र्याचा उल्लेख आहे. खार झाडावर चढवणं आणि कोठारातले उंदीर मारणं ही त्यांची कामं. रॅकून मिळाला तर तोही.

पण बिळातल्या टेरियरला रॅकून भेटला तो रॅकूनच्या दुसऱ्या एका खोडीमुळे. तो सहसा स्वतः बीळ खणत नाही. ग्राउंडहॉग या बिळात राहणाऱ्या प्राण्यानं खणून सोडलेली बिळं, खडकांच्या कपारी, पोकळ ओंडके, रस्त्याखालच्या मोऱ्या, कोठाराच्या माळ्यावरचं गवत, जिथे आयती जागा मिळेल तिथे तो मुक्काम करतो. हाऊंड तिथे शिरू शकत नाही.

आणि अशा जागी रॅकून वाढले त्यामागे बाजारही आहे. 1920 च्या दशकात कॉलेजातल्या पोरांना रॅकूनच्या कातड्याचा लांब कोट हवा असे. 1955 च्या सुमारास डेव्ही क्रॉकेट या जुन्या अमेरिकन शिकारी वीराच्या, रॅकूनची शेपटी लावलेल्या टोपीनं शाळकरी मुलांना वेड लावलं. 1970 च्या दशकात कातड्याला पुन्हा चांगला भाव आला, आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी तो कोसळला. सापळे लावणारे घरी बसले. मका दुधाळ झाला की कणसं ओरबाडायची, कोंबड्यांच्या खुराड्यात शिरायचं, जमिनीवर घरटी करणाऱ्या बदकांची अंडी खायची, हा रॅकूनचा उद्योग मात्र चालूच राहिला. आज टेरियरवाल्याला बोलावणं येतं ते बहुतेकदा अशा शेतकऱ्याकडून.

जर्मनीत हीच गोष्ट उलट्या क्रमानं घडली. तिथे आधी कुत्रा तयार झाला, रॅकून मागून आला. पहिल्या महायुद्धानंतर काही शिकाऱ्यांनी याग्डटेरियर ही टेरियरची जात घडवली आणि 1926 मध्ये तिचा क्लब काढला. 1934 च्या एप्रिलमध्ये हेसेनमधल्या एडरसे तलावाकाठी रॅकूनच्या दोन जोड्या मुद्दाम सोडण्यात आल्या. 1945 मध्ये बर्लिनजवळ कातड्यासाठी रॅकून पाळणाऱ्या एका फार्मवर बॉम्ब पडला आणि तिथूनही काही निसटले. आता त्या देशात वर्षाला लाखांनी रॅकून मारले जातात.

पिल्लाला या कामाची ओळख करून देण्याच्या पद्धतीचा इतिहास सगळा अभिमानानं सांगण्यासारखा नाही. पकडलेला रॅकून पिंजऱ्यात ठेवून पिल्लांना त्याच्यावर सोडत, त्यानं पिल्लू 'पक्कं' होतं असा समज होता. तलावात तरंगत्या ओंडक्यावर रॅकूनला साखळीनं बांधायचं आणि कुत्र्यांनी पोहत जाऊन त्याला ओढून पाडायचं, असे खेळ विसाव्या शतकातही भरत. याला शिकार म्हणता येत नाही. त्यात रॅकूनचे हाल होतेच, शिवाय पाण्यात कुत्र्याच्या डोक्यावर चढून बसणाऱ्या रॅकूनमुळे कुत्रेही बुडत. लहान वयात तोंड फाटून घेतलेलं पिल्लू एक तर कायमचं बिचकतं, नाहीतर चवताळून विचार न करता भिडायला लागतं, आणि बिळात दोन्ही धोक्याचं.

या पार्श्वभूमीवर पॅट्रिशिया अॅडम्स लेंट यांनी 1971 मध्ये अमेरिकन वर्किंग टेरियर असोसिएशन सुरू केली, हे मला फार मोलाचं वाटतं. जमिनीत नऊ इंच रुंद, नऊ इंच उंच असं लाकडी भुयार पुरायचं आणि टोकाला गजांमागे, कुत्र्याचा दात पोचणार नाही असे, उंदीर ठेवायचे. नवख्यासाठी दहा फूट आणि एक वळण, पुढे तीस फूट आणि तीन वळणं. पिल्लू अंधारात वासामागे जायला आणि टोकाशी टिकून भुंकायला शिकतं, आणि रक्त कुणाचंच सांडत नाही. अमेरिकन केनेल क्लबनं अशाच चाचण्या 1994 मध्ये सुरू केल्या.

रॅकूनसमोर नेण्याआधी कुत्र्याला लस टोचायचीच, हा आग्रह तर सरळ एका चुकीतून आला. शिकारीसाठी रॅकून कमी पडतात म्हणून फ्लोरिडातून हजारो रॅकून व्हर्जिनियाच्या बाजूला नेऊन सोडले गेले. त्यांच्याबरोबर रॅकूनमधला रेबीजही गेला. 1977 मध्ये तो वेस्ट व्हर्जिनियात आढळला आणि पुढच्या वीसेक वर्षांत अटलांटिक किनाऱ्यानं उत्तरेकडे पसरत गेला. त्याला अडवायला 1990 च्या दशकापासून आमिषात घातलेली लस रानात टाकावी लागली. डिस्टेंपर हा कुत्र्यांना होणारा जीवघेणा रोगही रॅकूनमध्ये असतो. शिवाय रॅकूननं चावल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी काही कुत्र्यांचे मागचे पाय लुळे पडतात आणि मग पुढचेही. या दुखण्याला 'कूनहाऊंड पॅरालिसिस' म्हणतात. नीट शुश्रूषा झाली तर बहुतेक कुत्रे बरे होतात, पण त्यात आठवडे, कधी महिने जातात, आणि तोवर कुत्र्याला उचलून बाहेर न्यावं लागतं, कूस बदलून द्यावी लागते.

आता बिळात जाणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात संदेश देणारा पट्टा असतो. तो नेमका कुठे आणि किती खोल आहे ते वर हातातल्या यंत्रावर कळतं. पूर्वी माणसं जमिनीला कान लावून पालथी पडत आणि भुंकणं ऐकून अंदाजानं खणत. अडकलेला कुत्रा वेळेत सापडला नाही, असं त्या काळी अनेकदा झालं.

एक पद्धत मात्र यंत्राच्या आधीपासूनची आहे आणि आजही बदललेली नाही. म्हातारा कुत्रा आत काम करत असताना पिल्लाला थोड्या अंतरावर झाडाला बांधून ठेवतात. ते कान टवकारून ऐकतं, थरथरतं, दोरी ताणतं. काम संपून म्हातारा वर आला की पिल्लाला सोडतात, आणि ते रिकाम्या बिळाच्या तोंडाशी जाऊन पोटभर वास घेतं. त्या दिवशी त्याचं काम एवढंच.